वेसावे कोळीवाड्यातील पर्यटन उपक्रम : परवानग्या, पैशांची वाटणी आणि पाहुण्यांची मर्यादा यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार,

मी मुंबईतील वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यात राहते. आमच्या गल्लीतील महिला बचत गटाने वर्षभर चालेल असा एक छोटा पर्यटन उपक्रम सुरू करायचे ठरवले आहे. सकाळी बंदरावर फेरी, मासळीचा लिलाव आणि जाळी दुरुस्तीचे काम दाखवणे, त्यानंतर हिंगळादेवीचे दर्शन आणि दुपारी आमच्यापैकी एकीच्या घरी तांदळाची भाकरी, बोंबलाचे कालवण आणि सोड्यांची खिचडी असे जेवण, एवढेच त्याचे स्वरूप आहे. वेसाव्याच्या सी फूड फेस्टिव्हलमुळे आमचे जेवण मुंबईकरांना ठाऊक झाले, याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो मोजक्या दिवसांचा मोठा उत्सव असतो. आम्हाला हवे आहेत ते थोडे पाहुणे, ज्यांच्या येण्याने बंदराचे रोजचे काम अडणार नाही आणि ज्यांचा पैसा गल्लीतच राहील.

अडचण नेमकी कुठे येते हे कळावे म्हणून एक उदाहरण देते. पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळत घातले जातात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची असते. हे काम बायका करतात आणि मासळी ताजी असतानाच ते उरकावे लागते, कारण ऊन वाया गेले तर मालाचा भाव पडतो. गेल्या हंगामापासून बाहेरची एक सहल कंपनी तिथे गट आणते. पाहुणे न विचारता बायकांचे फोटो काढतात, वलांड्यांमधून फिरतात आणि जेवायला दुसरीकडे जातात. ज्यांचे काम पाहायला हे लोक येतात, त्यांना त्यातून एक रुपयाही मिळत नाही. आम्ही स्वतः हा उपक्रम हाती घेण्याचे हे मुख्य कारण आहे.

इतर ठिकाणांची माहिती आम्ही जमेल तशी मिळवली आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणारे लोक गावातल्याच घरांत राहतात आणि जेवतात. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिलांचा स्वामिनी बचत गट कांदळवन सफारी चालवतो. केरळमध्ये कोचीजवळचे कुंबळंगी हे मच्छीमारांचे गाव २००३ पासून पर्यटन ग्राम म्हणून विकसित करण्यात आले. ही सर्व उदाहरणे उमेद देणारी आहेत, परंतु मुंबईची परिस्थिती वेगळी आहे. वेळासला पोहोचायला प्रवास करावा लागतो, आणि ते अंतरच गर्दीला थोडा लगाम घालते. वेसाव्याला मेट्रोने आणि रिक्षाने कोणीही तासाभरात येऊ शकतो. समाजमाध्यमावर एखादी चित्रफीत गाजली तर आमच्या अरुंद गल्लीत एका रविवारी किती माणसे येतील, याचा अंदाज बांधणे कठीण आहे. एका फेरीत बारापेक्षा जास्त पाहुणे नकोत आणि नावनोंदणीशिवाय कोणालाही घेऊ नये, असे माझे मत आहे. गटातील काहींना हा आकडा फारच लहान वाटतो. अशी मर्यादा कोणी प्रत्यक्षात पाळून दाखवली असेल, तर ती कशी पाळली आणि खर्च कसा भागवला, हे कृपया सांगावे.

परवानग्यांबाबतही काही शंका आहेत. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरील स्थानिकांना, मच्छीमारांसह, घराचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता होमस्टे चालवण्याची मुभा आहे. मुंबईचा विकसित किनारा मात्र बहुतांशी सीआरझेड-२ या शहरी किनाऱ्याच्या वर्गात मोडतो. मग शहरी कोळीवाड्यातील घरात पुढे मुक्कामाची सोय करायची झाल्यास पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेतील नोंदणी पुरेशी आहे, की आणखी काही लागते? तसेच २०२३ च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर ठरावीक मर्यादेत व्याजाचा परतावा आहे. तो बचत गटाला मिळतो की एकट्या मालकिणीलाच? पाहुण्यांना होडीतून फिरवण्याचा विचार आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण मासेमारीची नौका ही प्रवासी नौका नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीच्या प्रवासी बोटीला झालेल्या अपघातानंतर याबाबत तडजोड करण्याची आमच्यापैकी कोणाचीही तयारी नाही.

सर्वांत अवघड प्रश्न पैशांच्या वाटणीचा आहे. स्वयंपाक करणारीला आणि फेरी नेणारीला मोबदला देणे सोपे आहे. पण जिची वलांडी पाहिली जाते, जिच्या ओट्यावर पाहुणे क्षणभर टेकतात, तिचा वाटा कसा ठरवायचा? प्रत्येक पाहुण्यामागे ठरावीक रक्कम गल्लीच्या जमातीकडे, म्हणजे कोळ्यांच्या पारंपरिक संस्थेकडे, जमा करून ती किनाऱ्याची सफाई आणि सामाईक कामांवर खर्च करावी, असा एक प्रस्ताव आहे. जमातीत निर्णय बहुतेक पुरुष घेतात, म्हणून गटातील तरुण मुलींना तो मान्य नाही, आणि त्यांची हरकत मला रास्त वाटते. बचत गट आणि गावाची पारंपरिक संस्था यांच्यात असा करार कोणी केला असल्यास त्याचा मसुदा पाहायला मिळाला तर फार मदत होईल.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा सुकी मासळी, घरचा मसाला आणि जाळी विणणे यांवर आधारित कार्यक्रम ठेवता येईल असे वाटते. नारळी पौर्णिमेसाठी मात्र तिकीट लावू नये, यावर मी ठाम आहे. दर्याला नारळ देणे ही आमची पूजा आहे. पाहुण्यांनी यावे, शेजारी म्हणून उभे राहावे, पण त्या दिवशी व्यवहार नको. याविरुद्ध कोणाचे मत असेल तर तेही सविस्तर वाचायला आवडेल.

वरळी, माहीम, मढ, गोराई, उत्तन येथील कोळी बांधव आणि भगिनींनी, तसेच पर्यटन किंवा सीआरझेडच्या कामाची प्रत्यक्ष माहिती असलेल्यांनी कृपया येथेच लिहावे, म्हणजे इतर कोळीवाड्यांनाही त्याचा उपयोग होईल. मला सर्वांत आधी वाटणीच्या आणि सीआरझेडच्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत, कारण ती मिळाल्याशिवाय आम्ही एकाही पाहुण्याचे नाव नोंदवणार नाही.