मदत हवी आहे: चामड्यात तेल 'मुरतं', 'भिनतं' की 'झिरपतं'?

मंडळी, एका ओळखीच्या कारागिरांसाठी कोल्हापुरी चपलांसोबत द्यायचं छोटं कार्ड लिहितोय आणि एका क्रियापदावर गाडी अडकलीय. सांगायचं एवढंच की नवीन चपलेला तेल लावा आणि रात्रभर ठेवा, म्हणजे ते चामड्यात आतपर्यंत जाईल.

'झिरपू द्या' लिहिलं तर खालून गळतंय असं वाटतं, 'पाझरणं' तर सरळ बाहेरच येतं. 'भिनू द्या' म्हटलं की विष नाहीतर दारू आठवते, तरी मला अर्थानं तोच जवळचा वाटतो कारण सगळीकडं पोचणं त्यात आहे. 'मुरू द्या' मस्त आहे पण एकजण लगेच म्हणाला, लोणचं घालताय काय! 'शोषलं जाऊ द्या' पाठ्यपुस्तकी. ऑनलाईन ट्रान्सलेटरनं 'हस्तांतरित' दिलं, ते सातबाऱ्यावरच राहू दे. कारागीर स्वतः म्हणतात 'चामड्याला तेल पिऊ द्या', मला हे लय आवडलं पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाला कळंल का?

दुसरी ओळ पावसाची, ओल्या चपलेचा रंग पायाला येतो त्याची. तिथं रंग 'लागतो', 'उतरतो' की 'जातो'? 'रंग जातो' लिहिलं तर माल कच्चा आहे असं वाटंल, म्हणून ते नको.

कार्ड लहान आहे, प्रत्येकी एकच ओळ बसते, कंसात अर्थ द्यायला जागा नाही, आणि शब्द बोलीतला चालेल पण गावाबाहेरच्यालाही कळायला पायजे. तुमच्या घरी तेलाला आणि रंगाला कोणतं क्रियापद वापरतात, आणि 'पिऊ द्या' बाहेरच्यांना खटकेल का?