क्लेम म्हणजे दावा की हक्कमागणी?

मिरजकर: हळद शिजवायच्या कुकरच्या पेटंटचं मराठी करतोय. मूळ वर्णनात फक्त 'वाफ' आहे, नंतरच्या दुरुस्तीत क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ते वाक्य, झालंय 'कोणतंही उष्ण माध्यम'. 1970 च्या पेटंट कायद्यातल्या कलम 10(5) प्रमाणे क्लेम वर्णनावर 'फेअरली बेस्ड' हवा. मी लिहिलं, 'दावा वर्णनावर रास्तपणे आधारलेला हवा.' तपासणाऱ्यांनी 'दावा' खोडून 'हक्कमागणी' केलं. बरोबर आहे का?

वाईकर: बरोबरच. दावा कोर्टात लागतो. आणि 'एकस्व' असताना पेटंट कशाला?

तासगावकर: एकस्व म्हटलं तर कुपवाडच्या वर्कशॉपात कुणाला कळणार? पेटंटच राहू द्या. शब्दापेक्षा मजकूर बघा. वाफ हळकुंडावर थंड होऊन पाणी होते, तेव्हा उष्णता सोडते. त्या ओल्या उष्णतेने आतला स्टार्च शिजतो. गरम हवेने हळकुंड शिजायच्या आधी वाळायला लागतं. म्हणजे 'कोणतंही माध्यम' याला वर्णनात आधारच नाही. पाइपची जागा, दाब, किती मिनिटं हे सगळं वाफेचंच लिहिलेलं असणार.

कराडकर: 'दावा' अरबी, फारसीतून आलेला. गोठ्यातलं 'दावं' संस्कृत 'दाम'वरून. पण अर्थ किती जुळतो बघा: वर्णन हा खुंटा, क्लेम हे दावं. शिवाय आपल्याकडे 'दाव' म्हणजे दाखव. दुरुस्तीबद्दलच्या कलम 59 मध्येही आधी 'उघड केलेलं किंवा दाखवलेलं' असंच आहे. दावलं तेवढ्यावरच दावा!

वाईकर: कराडकर, ऐकायला छान, पण ही व्युत्पत्ती नव्हे. तीन वेगळे शब्द एका खुंट्याला बांधू नका.

तासगावकर: कलम 59 निघालंच आहे तर पुढचं वाचा. दुरुस्त क्लेम आधीच्या एखाद्या क्लेमच्या कक्षेत पूर्ण बसायला हवा. म्हणजे वर्णनात गरम पाणी, तेल सगळं असलं, तरी पहिले क्लेम फक्त वाफेचे असतील तर नंतर रुंदावता येत नाहीत. युरोपात मंजुरीआधी मूळ अर्जात आधार असेल तर रुंदावता येतात. इथे रुंद क्लेम पहिल्या पूर्ण तपशिलातच, म्हणजे वर्णन आणि क्लेम असलेल्या दस्तऐवजातच, लिहावा लागतो, आणि त्याखाली अरुंद क्लेम. आधी नुसता तात्पुरता तपशील दिला असेल तर 12 महिन्यांत पूर्ण द्यायचा. त्यात नव्याने आलेल्या मजकुराला तात्पुरत्याची आधीची तारीख मिळत नाही.

मिरजकर: म्हणजे 'आधार'ही पुरेसा शब्द नाही, 'कक्षा'ही हवी.

वाईकर: 'रास्त' पण बदला. रास्त म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं. 'वाजवी' करा.

कराडकर: वाजवी किंमत असते, आधार नव्हे. रास्तच ठेवा.