देवगिरी अभेद्य होता, तर पडला कसा?

भटका_वाचक: देवगिरीचा कडा चहूबाजूंनी तासून उभा केलेला आहे आणि पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक आहे. असे असताना १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीपुढे रामदेवराय यादवाला इतक्या लवकर का नमावे लागले? जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळप्रेमी: कातळ हरला नाही, कोठार हरले. मुख्य सैन्य युवराजासोबत बाहेर होते. शिवाय फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार घाईघाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले. ही गोष्ट थोडी रंगवलेली वाटते, परंतु वेढ्याची पूर्वतयारी नव्हती हे मात्र खरे.

जुना_गडकरी: सहमत आहे. खंदक ओलांडल्यावर वर जाण्याचा मार्ग कातळातील अंधारी या वळणावळणाच्या भुयारातूनच होता. त्याचे वरचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर निखारे पेटवले, की धुराने कोंडलेल्या शत्रूला पुढे सरकणे अशक्य होई. त्यामुळे बालेकिल्ला थेट हल्ल्याने घेणे जवळजवळ अशक्यच होते. १६३३ मध्ये मुघल सरदार महाबतखानाने सुरुंगांनी बाहेरचे तट फोडले खरे, पण निजामशाहीचा सूत्रधार फतेहखान, म्हणजे मलिक अंबरचा मुलगा, शरण आला तो आतील धान्य संपत आल्यामुळे.

भटका_वाचक: आभारी आहे. हे सारे खोदकाम यादवकालीनच समजावे का?

कातळप्रेमी: सरसकट नाही. राजधानी पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकात वसवली, मात्र तटबंदीत बहमनी आणि निजामशाही काळात मोठी भर पडली. चांद मिनार तर पंधराव्या शतकातला आहे.