प्रेमात पडून हेरगिरी बुडवणारा हेर: 'आय ऑफ द नीडल'चं बेट कुणाला पटलं?

खिडकीची_सीट:

फाउंटनच्या फूटपाथवरून ऐंशी रुपयांना उचललेलं केन फॉलेटचं 'आय ऑफ द नीडल' (१९७८) काल कल्याण फास्टमध्ये संपलं. घाटकोपरपर्यंत मान वर केली नव्हती. ठाणं येईस्तोवर जांभया सुरू. (पुढे शेवट फोडलाय. वाचायचं असेल त्यांनी इथूनच परत फिरा.)

गोष्ट अशी. साल १९४४. दोस्त फौजा फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडीत उतरणार आहेत, पण जर्मनांना वाटायला हवं की त्या तिथल्याच कॅले बंदराकडे उतरणार. म्हणून पूर्व इंग्लंडात अमेरिकन जनरल पॅटनच्या नावाने अख्खी खोटी फौज मांडलेली. फेबर हा जर्मन हेर तिथे पोचतो, प्लायवूडची विमानं बघतो, फोटो काढतो. फिल्म घेऊन पाणबुडी गाठायची, एवढंच उरलेलं. तेवढ्यात वादळात बोट फुटते आणि स्वारी एका बेटावर. तिथे ल्यूसी, तिचं पोर, एक म्हातारा मेंढपाळ आणि लग्नाच्या दिवशीच अपघातात पाय गमावलेला तिचा नवरा.

आणि मग काय, दोन दिवसांत प्रेम! ज्या माणसाने सुरुवातीला, संदेश पाठवायचा ट्रान्समीटर तिला दिसला एवढ्यावरून, घरमालकिणीला सुरा खुपसला, त्याचा हात हिच्यावर उचलत नाही. चार वर्षं शत्रूच्या देशात सावलीसारखा राहिलेला माणूस हा. मला नाही पटलं. पुढचा सगळा थरार त्या एका न पटलेल्या गोष्टीवर उभा आहे, हे जास्त खटकलं.

गिरगावची_गॅलरी:

साफ असहमत. हे पुस्तक इंग्लंडात आधी 'स्टॉर्म आयलंड' नावाने आलं होतं. म्हणजे लेखकाच्या मते बेट हाच गाभा. तुम्ही त्याला मागून चिकटवलेलं शेपूट समजताय.

घरमालकिणीचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. ती बाई त्याच्या खोलीत येते कशाला? विधवा, एकटी, थोडी प्यायलेली, मनात त्याच्याबद्दल आशा धरून येते. तिला तो मारतो आणि नंतर त्याला ओकारी होते. शेवटी पुन्हा एक एकटी बाई समोर येते. पहिल्या प्रकरणात जे दाबलं ते इथे उसळून आलं. बी आधीच पेरलेलं होतं हो.

खिडकीची_सीट:

ओकारी झाली म्हणून काळीज आहे हे मान्य. पण काळीज असलं तरी घड्याळ कळतं ना? पाणबुडी येऊन थांबलीय, महायुद्ध खिशात आहे आणि हा घुटमळतोय.

डबल_क्रॉस:

तुम्ही प्रेमावर घसरलात, मला तर फेबरच पचत नाही. इंग्लंडात आलेले जर्मन हेर ब्रिटिशांनी जवळपास सगळे पकडले होते, बरेचसे फिरवून आपल्याच कामाला लावले होते. त्यातला 'गार्बो', म्हणजे हुआन पुहोल हा स्पॅनिश माणूस, स्वतःहून ब्रिटिशांकडे आलेला. त्याने २७ काल्पनिक हस्तक कागदावर निर्माण केले आणि जर्मनांकडून त्यांचे पगार घेतले! नॉर्मंडीत फौजा उतरल्यावरही 'हा नुसता देखावा, खरा हल्ला कॅलेलाच' असं त्याने कळवलं आणि ते त्यांनी मानलं. जर्मनांनी आयर्न क्रॉस हे पदक दिलं, ब्रिटिशांनी एमबीई हा किताब. ही खरी घटना कादंबरीत घातली असती तर तुम्हीच पहिले म्हणाला असता, काहीही फेकतात.

पाटा_वरवंटा:

सगळे पुरुष फेबरच्या मनात डोकावताय. ल्यूसीकडे कोणी बघितलंच नाही.

अपघातानंतर नवरा तिला जवळ येऊ देत नाही. चार वर्षं. वारा, मेंढ्या आणि कडू झालेला नवरा, एवढाच संसार. दारात एक पुरुष येतो, तिचं बोलणं ऐकून घेतो. तिने का नाही जायचं? माझ्यासाठी पुस्तकात तिच्याइतकं खरं कोणीच नाही. आणि ती प्रेमात वाहवतही नाही. खरं कळल्यावर कुऱ्हाडीने त्याची बोटं तोडते. तो रेडिओवर बोलायला लागतो तेव्हा दिव्याच्या होल्डरमध्ये स्वतःची बोटं घालून फ्यूज उडवते. मी ते पान वाचलं तेव्हा गॅसवर दूध होतं. उतू गेलं, बघितलंसुद्धा नाही.

सायन_कुर्ला_बंद:

दोन दिवसांत काही होत नाही म्हणणाऱ्यांना २६ जुलै २००५ आठवतो का? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आम्ही रात्रभर गाडीत. शेजारच्या काकांनी पहाटेपर्यंत मला त्यांच्या भावाशी चाललेलं खोलीचं भांडण, मुलीचं मोडलेलं लग्न, सगळं सांगून टाकलं. वर्षभर त्याच डब्यात 'जरा सरका'पलीकडे बोलले नव्हते.

खिडकीची_सीट:

काकांनी मन मोकळं केलं. पण तुमच्यासाठी भावावरचा दावा मागे घेतला का? मी तेवढाच फरक म्हणतोय.

पूर्व जर्मनीचा हेरप्रमुख मार्कुस वोल्फ, त्याची माणसं पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनमध्ये, सरकारी सेक्रेटरींना प्रेमात पाडायची. त्यांना 'रोमिओ'च म्हणत. पण एकेका बाईमागे महिने, वर्षं घालवायचे. प्रेम हे कामाचं हत्यार. फेबरने ल्यूसीला तसं वापरलं असतं आणि वापरता वापरता स्वतः अडकला असता, तर मी पैसे वसूल म्हणालो असतो.

गिरगावची_गॅलरी:

रोमिओंना हुकूम होता, याला नव्हता. म्हणून तर तो गडबडतो! वोल्फच्या माणसांसारखं वागला असता तर तुम्हीच 'यंत्र आहे, माणूस नाही' म्हणून दुसरा धागा काढला असता.

खिडकीची_सीट:

@पाटा_वरवंटा, ल्यूसीबद्दल तुमचं बरोबर आहे. ती फ्यूजची पानं मी जांभया देत उलटली, पुन्हा वाचली पाहिजेत. फेबरबद्दल मात्र माघार नाही. लेखकाला शेवटी ती जिवंत हवी होती, म्हणून याचा हात थांबला. कड्यावरून उतरताना तिने फेकलेला दगड लागून तो पडतो, तिथेही मला फेबर दिसला नाही, लेखकाचा हात दिसला.

गिरगावची_गॅलरी:

शनिवारी दादरला या, पुस्तक घेऊन. मी पानं दुमडून देतो कुठे कुठे पेरलंय ते.

खिडकीची_सीट:

पानं दुमडायची नाहीत. पेन्सिलने खूण करा, तीही हलकी.