मदत हवी आहे: इंजिन बदललेल्या जुन्या गाडीची नोंदणी आणि विमा

नमस्कार मंडळी. वडिलांची 1968 सालची गाडी बरीच वर्षं झाकून पडली होती, ती आता पुन्हा रस्त्यावर आणतोय. अडचण अशी की मधे कधीतरी इंजिन बदललंय. कागदावरचा इंजिन नंबर एक, गाडीवरचा दुसरा, आणि बदलाची पावती नाही. चासी नंबर जुळतो, पण तो हल्लीच्या गाड्यांसारखा 17 अक्षरी नाही, म्हणून ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाही. अशा वेळी नोंदणी कोणी करून घेतली आहे का? कोणते पुरावे चालले?

दुसरं विम्याचं. एजंट घसारा धरून किंमत काढतो, म्हणजे हातात जवळजवळ काहीच नाही. मला आधीच ठरवलेल्या रकमेचा विमा हवाय. त्यासाठी मूल्यांकन कोण करतं, फोटो कसे लागतात?

फिवा या जुन्या, ऐतिहासिक गाड्यांच्या जागतिक महासंघाच्या व्याख्येत अशी गाडी किमान 30 वर्षं जुनी, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली हवी. माझं इंजिन त्याच मॉडेलचं, पण नंतरच्या सालचं आहे. तेवढ्यानं क्लासिकचा दर्जा जातो का?

बाबांना शेजारी बसवून ही गाडी चालवायची आहे. अनुभव असेल तर जरूर लिहा.