चार महिने झाले, मुलगी वर्गात एक शब्द बोलत नाही. माझं काय चुकतंय?

खडूची_धूळ

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. यंदा वर्गात २६ मुलं आहेत आणि त्यांच्या घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा सात. शिकवायचं मात्र सगळं इंग्रजीतून. त्यातली एक मुलगी चार महिन्यांपूर्वी आली तेव्हा तिला इंग्रजीत नाव तेवढं सांगता यायचं. अजूनही तोंड उघडत नाही. "कळलं का?" विचारलं की मान हलवते, आणि वही उघडली की दिसतं, काही कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात गणिताची चाचणी होती. एक प्रश्न असा : व्हॉट इज द डिफरन्स बिटवीन १५ अँड ८? हिने लिहिलं, "१५ बिग, ८ स्मॉल". मी लाल फुली मारली आणि पुढचा पेपर घेतला. रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात उजेड पडला. बाईंनी फरक विचारला, तिने फरक सांगितला! दुसऱ्या दिवशी फळ्यावर नुसतं १५ − ८ लिहिलं, तर मी खडू खाली ठेवायच्या आत तिच्या वहीत ७ होते.

आता खरा प्रश्न. तिची भाषा बोलणारी आणखी एक मुलगी वर्गात आहे. दोघी सारख्या कुजबुजायच्या. "इंग्रजी कानावर पडलं पाहिजे, त्यांना वेगळं बसवा" असं एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं, म्हणून बसवलं. तेव्हापासून ती आणखीच मिटून गेली आहे. मी बरोबर केलं का?

पाचवा_तास

आधी ते "कळलं का?" बंद करा, ताई. पंचवीस जणांसमोर "नाही कळलं" म्हणायची छाती मोठ्या माणसांची होत नाही. मीटिंगमध्ये आपण तरी कुठे म्हणतो? त्याऐवजी करून दाखवायला सांगा : बोट ठेव, चित्र काढ, या तीनातलं चुकीचं कार्ड उचल. मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांची भाषा शिकवायची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. शिक्षकाने सूचना द्यायची, मुलाने अंगाने उत्तर द्यायचं, बोलायची सक्ती नाही.

नवी भाषा शिकणारी बरीच मुलं सुरुवातीला गप्प असतात. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मौनकाळाबद्दल भरपूर लिहिलं आहे. काही महिने चालतो तो. त्या काळात कान काम करत असतात.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत बसून मोजलं होतं. शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि पुढच्या मुलाकडे वळतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, गप्प मुलंही बोलू लागतात. तुमच्या मुलीला तर प्रश्न आपल्या भाषेत न्यायचा, उत्तर शोधायचं आणि परत इंग्रजीत आणायचं आहे. मी मनात पाचपर्यंत मोजतो. पहिला आठवडा ती शांतता अक्षरशः खायला उठायची.

उलट_बाजू

वरचं सगळं मान्य, पण गप्प मूल दिसलं की "मौनकाळ" म्हणून मोकळं होऊ नका. आमच्याकडे एका मुलाबाबत वर्षभर "भाषा आली की बोलेल" म्हणत बसलो. त्याला एका कानाने नीट ऐकूच येत नव्हतं! वर्षभर तो नेमका उलट्या बाजूच्या बाकावर बसत होता. आजही आठवलं की लाज वाटते. पालकांना एवढं विचारा : घरी स्वतःच्या भाषेत ती वयाच्या मानाने नीट बोलते का? गोष्ट सांगते का, भांडते का? भांडत असेल तर फारशी काळजी नको. घरीही अडखळत असेल तर तपासणी करून घ्या.

दोन_भाषांची_बाई

त्या दोघींना उद्याच्या उद्या शेजारी बसवा. वजाबाकी तिला एका भाषेत येते म्हणजे येते. ती इंग्रजीत पुन्हा शिकायची नसते, फक्त तिचं इंग्रजी नाव शिकायचं असतं. कुजबुजीत तेच चालू असणार. वेल्समधल्या दुभाषिक शाळांत एका भाषेत वाचायचं आणि दुसरीत लिहायचं असं मुद्दाम करत. तिथले शिक्षणतज्ज्ञ सेन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये त्या रीतीला वेल्श भाषेत नावही दिलं.

फक्त त्या दुसरीला फुकटची दुभाषी करू नका. तिलाही शिकायचं आहे.

सहा महिन्यांनी ती मैदानावर फाडफाड बोलेल आणि सगळे म्हणतील, आता आलं इंग्रजी. तिथे फसू नका. दुभाषिक मुलांचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा हा भेद मांडला. खेळताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकातली यायला पाच ते सात वर्षंही लागतात. तुमची मुलगी 'डिफरन्स'लाच अडकली ना? टेबल, ऑड, मीन, व्हॉल्यूम हे सगळे तसलेच दुतोंडी शब्द. धड्याआधी पाच मिनिटं काढून ते फळ्यावर चित्रासकट लिहा. गणित सोपं करू नका, वाक्य सोपं करा.

खडूची_धूळ

सगळ्यांचे आभार. घरी फोन केला. आई हसून म्हणाली, भावाशी दिवसभर भांडते. म्हणजे तिकडची काळजी मिटली.

काल दोघींना शेजारी बसवलं. सगळ्यांना पावसावर पाच ओळी लिहायला दिल्या आणि तिला म्हटलं, तुझ्या भाषेत लिही. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मान खाली घातली ती घंटा होईपर्यंत. दीड पान! मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. वही आता माझ्यासमोर आहे. खाली शेरा काय लिहू, आणि कुठल्या भाषेत?