मदत हवी आहे: जुन्या फायबरग्लास बोटीच्या तळाला फोड आहेत, घ्यावी का?

रेडिंगला राहतो, थेम्सवर फिरवायला १९७९ ची २५ फुटी फायबरग्लास क्रूझर बघतोय, फक्त नदीसाठीच, समुद्रात नेणार नाही. बोट वर काढून ठेवलीये, पाण्याच्या रेषेखाली पुढच्या बाजूला वाटाण्याएवढे २५-३० फोड आहेत. मालकाला विचारून एक फोडला तर आतून चिकट पाणी आलं आणि व्हिनेगरसारखा वास, म्हणजे नुसता रंग सुटलेला नाही, ऑस्मोसिसच (फायबरग्लासमध्ये पाणी झिरपून फोड येणं). प्लास्टिकच्या हातोडीने सगळीकडे ठोकून बघितलं, कुठेच बद्द आवाज नाही, म्हणजे आतले थर सुटलेले वाटत नाहीत. मॉइश्चर मीटर बराच वर गेला पण बोट बाहेर काढून दोनच दिवस झालेत आणि अँटीफाउलिंगचे (तळाला शेवाळ वगैरे धरू नये म्हणून लावतात त्या रंगाचे) जुने थर तसेच आहेत, त्यामुळे त्या रीडिंगवर माझा भरवसा नाही. बोट सेफ्टी सर्टिफिकेट आहे, पण त्यात तळाची अवस्था बघत नाहीत हे माहितीये. सर्व्हेअर नेमणारच आहे, फी भरण्याआधी अंदाज हवाय.

अख्खा जेलकोट (फायबरग्लासवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) सोलून, काही महिने वाळवून इपॉक्सी करायचं तर खर्च बोटीच्या किमतीवर जाईल, ते जमणार नाही. गोड्या पाण्यात ऑस्मोसिस जास्त होतं म्हणून जीव धास्तावलाय. एवढेच फोड उघडून, धुवून, नीट वाळवून इपॉक्सी फिलर भरला तर नदीत ८-१० वर्षं निघतात का? कोणी केलंय का असं, आणि फोड परत किती वर्षांनी आले?